परक्यांनी पाहिलेले मॉर्मन

१८६३ च्या जूनमध्ये चार्ल्स डिकन्स लंडनच्या गोदीतल्या ‘अमेझॉन’ जहाजावर चढला, तो मॉर्मनांविषयीचे मत ठरवूनच. जहाजावर जवळजवळ नऊशे माणसे होती. कारागीर, मजूर, त्यांच्या बायका, कडेवरची पोरे, म्हातारे आईबाप. मॉर्मन मिशनऱ्यांचे ऐकून ही मंडळी घरदार आवरून निघाली होती. आधी अटलांटिक ओलांडायचा आणि मग अर्धी अमेरिका पार करून युटातल्या सॉल्ट लेकच्या खोऱ्यात पोहोचायचे. फसवलेल्या माणसांचा गोंधळ, दारू, रडारड असे काहीतरी पाहायला मिळेल आणि त्यावर झोड उठवता येईल, अशी डिकन्सची अटकळ होती.

प्रत्यक्षात त्याने काय पाहिले? माणसे डेकवर जागा मिळेल तिथे बसून पत्रे लिहीत होती. कुणी प्यालेले नव्हते, कुणी भांडत नव्हते. वैद्यकीय तपासणीसाठी नऊशे माणसांची रांग धक्काबुक्की न होता सरकत होती. जहाजाच्या कप्तानाने सांगितले, की निरनिराळ्या गावांहून आलेल्या या टोळ्यांनी एकमेकांना पूर्वी पाहिलेही नव्हते. पण जहाजावर येऊन दोन तास होतात न होतात तोच त्यांनी आपले नियम केले, पहारेकरी नेमले. डिकन्सने हे सगळे पुढच्याच महिन्यात आपल्या ‘ऑल द इयर राउंड’ साप्ताहिकात छापले. आपण यांच्याविरुद्ध साक्ष द्यायला आलो होतो, पण ती देता येत नाही, हे त्याने सरळ लिहिले. युटात या लोकांच्या वाट्याला काय येणार आहे हे आपल्याला ठाऊक नाही, हेही लिहिले. आपण काय पाहिले आणि काय पाहिलेले नाही, यातली सीमारेषा त्याने पुसली नाही. मॉर्मनांवर गेल्या जवळजवळ दोनशे वर्षांत बाहेरच्यांनी जे ढीगभर लिहिले, त्यात हा गुण क्वचित सापडतो.

ढीगभर लिहिण्याजोगे घडतही होते. जोसेफ स्मिथ हा न्यू यॉर्क राज्यातल्या एका शेतकऱ्याचा मुलगा. देवदूताने दाखवलेल्या सोन्याच्या पत्र्यांवरून आपण एक धर्मग्रंथ भाषांतरित केला, असे त्याचे सांगणे होते. १८३० च्या मार्चमध्ये ‘बुक ऑफ मॉर्मन’ छापून निघाले, ६ एप्रिलला पंथाची रीतसर स्थापना झाली. ‘चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स’ हे त्याचे आजचे पूर्ण नाव. मॉर्मन हे लोकांच्या तोंडी बसलेले. ही माणसे एका गावात एकत्र राहत, व्यवहार आपसांत करत, मते एकगठ्ठा देत आणि आपल्याला नवा प्रेषित मिळाला आहे असे उघड सांगत. शेजाऱ्यांना हे सहन झाले नाही. १८३८ च्या ऑक्टोबरमध्ये मिसुरीच्या गव्हर्नरने मॉर्मनांना राज्याबाहेर हाकला, नाहीतर नेस्तनाबूत करा, अशा आशयाचा हुकूमच काढला. तो कागदोपत्री रद्द झाला १९७६ मध्ये. इलिनॉयमध्ये त्यांनी नॉवू हे शहर वसवले. तिथे १८४४ च्या जूनमध्ये जवळच्या कार्थेज गावच्या तुरुंगात जमावाने जोसेफ स्मिथला गोळ्या घातल्या. ब्रिगहॅम यंगच्या मागोमाग पंथाचा मोठा भाग पश्चिमेला निघाला आणि १८४७ च्या जुलैत सॉल्ट लेकच्या ओसाड खोऱ्यात उतरला.

ज्यांना चार ठिकाणांहून हुसकले, त्यांनी दारे लावून घेतली असती तर नवल नव्हते. पण त्यांनी लगोलग माणसे बाहेर पाठवली. इंग्लंडमध्ये त्यांचे प्रचारक १८३७ पासून होते. १८५० च्या सुमाराला युटापेक्षा ब्रिटनमध्ये मॉर्मन जास्त होते. १८५२ च्या ऑगस्टअखेर सॉल्ट लेकला झालेल्या खास परिषदेत शंभराच्या आसपास मिशनऱ्यांची नावे पुकारली गेली. कुणी कोलकात्याला, कुणी सयामला, कुणी चीनला, कुणी दक्षिण आफ्रिकेला. याच परिषदेत पंथाने बहुपत्नीत्वाचा प्रथमच उघड पुरस्कार केला. म्हणजे हे मिशनरी जगात जिथे जिथे पोहोचले, तिथे त्यांच्या आधी किंवा त्यांच्या पाठोपाठ ही बातमीही पोहोचली.

त्यांच्यापैकी कोलकात्याला आलेली तुकडी १८५३ च्या एप्रिलमध्ये उतरली. त्याच्याही आधी, १८५२ मध्ये, ह्यू फिंडले नावाचा स्कॉटिश प्रचारक ब्रिटनमधून मुंबईत आला होता. मुंबईत डाळ शिजेना, म्हणून तो पुण्याला गेला. पुण्याच्या लष्करातले गोरे शिपाई आणि त्यांच्या भोवतीची युरेशियन कुटुंबे हाच त्याचा मुख्य श्रोतृवर्ग. लष्करी अधिकाऱ्यांनी त्याला छावणीच्या हद्दीत प्रचार करायला मनाई केली, तेव्हा त्याने हद्दीबाहेर बस्तान मांडले. पुण्यात एक छोटी मॉर्मन मंडळी उभी राहिली, तीत थोडे एतद्देशीयही होते. कंपनी सरकारच्या गोऱ्या समाजाला हे मिशनरी विचित्र वाटले. पगार नाही, बंगला नाही, पाठीशी मोठी संस्था नाही. पायी फिरायचे आणि मिळेल तिथे जेवायचे. गोऱ्या माणसाने असे राहणे हाच त्या समाजाला कमीपणा वाटे. शिवाय इंग्रजी वृत्तपत्रे आणि पाद्री बहुपत्नीत्वावरून तुटून पडत होते. चार-पाच वर्षांच्या खटपटीत हिंदुस्थानभर मिळून मोजक्याच जणांचा बाप्तिस्मा झाला. १८५६ पर्यंत सगळे मिशनरी परतले. पुण्याच्या इतिहासात हा प्रसंग तळटीपेएवढाच आहे. पण परक्या मुलखात मॉर्मन प्रचारकाकडे लोक कसे पाहत, त्याचा सगळा आराखडा त्यात दिसतो. त्याच्या तत्त्वज्ञानापर्यंत कुणी पोहोचतच नसे, बायकांच्या संख्येवरच बोलणे संपे.

बहुपत्नीत्व पाहण्यासाठी मग लेखक-पत्रकारांची युटाकडे रीघ लागली. ‘न्यू यॉर्क ट्रिब्यून’चा संपादक होरेस ग्रीली १८५९ च्या जुलैत ब्रिगहॅम यंगला भेटला आणि प्रश्नोत्तरे जशीच्या तशी छापली, वृत्तपत्रीय मुलाखतीच्या इतिहासात ही मुलाखत पहिल्या काहींमध्ये गणली जाते. १८६१ मध्ये तरुण मार्क ट्वेन दोन दिवस थांबून गेला आणि पुढे ‘रफिंग इट’मध्ये त्याने मॉर्मन ग्रंथाची आणि मॉर्मन संसाराची यथेच्छ टिंगल केली. पुस्तक खपले, विनोद पिढ्यान्‌पिढ्या फिरले. पण दोन दिवसांत जेवढे कळते तेवढेच त्यात आहे.

रिचर्ड बर्टनची जात वेगळी. हा मुंबई इलाख्याच्या फौजेत नोकरी केलेला, गोव्यावर १८५१ मध्ये पुस्तक लिहिलेला, वेश बदलून मक्केला जाऊन आलेला माणूस. १८६० च्या ऑगस्टअखेर तो सॉल्ट लेकला पोहोचला आणि सुमारे तीन आठवडे राहिला. एकापेक्षा अधिक बायका असणारी घरे त्याने सिंधपासून अरबस्तानापर्यंत पाहिली होती, त्यामुळे त्याला धक्का बसला नाही. ‘द सिटी ऑफ द सेंट्स’ या पुस्तकात तो पाटाचे पाणी, भिंती, बाजारभाव, प्रार्थना, विवाह, सगळे एकाच चौकस नजरेने नोंदवतो. बेलिंडा प्रॅट या मॉर्मन स्त्रीने बहुपत्नीत्वाचे समर्थन करणारे जे पत्र लिहिले होते, तेही त्याने पुस्तकात घेतले. बाहेरच्या लेखकाने मॉर्मन बाईला तिच्या शब्दांत बोलू द्यावे, हे त्या काळी दुर्मीळ होते.

तरीही बर्टन पुरुषांच्या बैठकीतच बसला. घराच्या आत गेल्या त्या एलिझाबेथ केन. त्यांचे पती थॉमस केन मॉर्मन नव्हते, पण पंथाचे जुने हितचिंतक होते. १८५८ मध्ये सरकारी फौज आणि मॉर्मन यांच्यातले युद्ध टाळण्यात त्यांची मध्यस्थी कामी आली होती. केनबाईंना मात्र बहुपत्नीत्वाचा तिटकारा होता आणि पतीची ही मैत्री त्यांना खटकत असे. १८७२ च्या हिवाळ्यात दोघे मुलांना घेऊन ब्रिगहॅम यंगच्या लवाजम्याबरोबर सॉल्ट लेकहून दक्षिणेला सेंट जॉर्जपर्यंत गेले. वाटेत रोज एका मॉर्मन घरी मुक्काम. त्या घरांवरचे केनबाईंचे लेखन त्यांच्या वडिलांनी १८७४ मध्ये ‘ट्वेल्व्ह मॉर्मन होम्स’ या नावाने छापले. बहुपत्नीत्वाबद्दलचे त्यांचे मत बदलले नाही. पण चुलीपाशी राबणाऱ्या, एकमेकींची मुले सांभाळणाऱ्या, थट्टामस्करी करणाऱ्या बायका पाहिल्यावर त्यांना ‘दासी’ म्हणणे त्यांना जमेना. संध्याकाळी गावकरी यंगला भेटायला येत आणि तो प्रत्येकाचे बारीकसारीक गाऱ्हाणे लक्ष देऊन ऐके, हेही त्यांनी टिपले. मत कायम ठेवूनही माणसांना न्याय देता येतो, याचा हे छोटे पुस्तक म्हणजे उत्तम दाखला आहे.

बाहेरच्यांचे अंदाज या बायकांनी वारंवार चुकवले. १८७० च्या फेब्रुवारीत युटा प्रदेशातल्या स्त्रियांना मताधिकार मिळाला. आता या बायका मतपेटीतूनच बहुपत्नीत्व गाडतील, असे पूर्वेकडच्या अनेक सुधारकांना वाटत होते. तसे काही झाले नाही. उलट आपल्या धर्माच्या बचावासाठी हजारो स्त्रिया सभांना जमल्या. मग १८८७ मध्ये अमेरिकी काँग्रेसने बहुपत्नीत्वविरोधी कायद्याबरोबर युटातल्या सगळ्याच स्त्रियांचा मताधिकार काढून घेतला. १८९६ मध्ये युटाला राज्याचा दर्जा मिळाला तेव्हा तो परत आला. त्याच वर्षी मार्था ह्यूज कॅनन या डॉक्टरबाई अमेरिकेतल्या पहिल्या महिला राज्य-सिनेटर म्हणून निवडून आल्या. त्या आपल्या नवऱ्याच्या चौथ्या पत्नी होत्या, आणि पराभूत उमेदवारांत तो नवराही होता.

याच संदर्भात मराठी वाचकांच्या ओळखीची एक इमारत येते. फिलाडेल्फियाच्या ज्या विमेन्स मेडिकल कॉलेजातून आनंदीबाई जोशी १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या, तिथूनच दोन मॉर्मन स्त्रिया, रोमानिया प्रॅट १८७७ मध्ये आणि एलिस शिप १८७८ मध्ये, पदवी घेऊन युटाला परतल्या होत्या. एलिस शिप फिलाडेल्फियात शिकत असताना त्यांची मुले सॉल्ट लेकला सवतींनी सांभाळली. पुढे त्यांनी सुईणींचे वर्ग काढले आणि शेकडो बायकांना बाळंतपणाचे शिक्षण दिले. बहुपत्नीत्वाचे हे समर्थन नव्हे. ब्रिगहॅम यंगची पत्नी ॲन एलायझा यंग हिने १८७३ मध्ये त्याच्याविरुद्ध घटस्फोटाचा दावा लावला, नंतर देशभर व्याख्याने देऊन त्या संसारातले हाल सांगितले. ती साक्षही तितकीच खरी मानायला हवी. पण बाहेरच्या वर्तमानपत्रांना एका वेळी एकच बाई पेलत असे, एक तर पिचलेली नाहीतर भारलेली. शिकलेली, हट्टी, श्रद्धाळू आणि थकलेली अशी एकच बाई त्यांच्या रकान्यात मावत नव्हती.

बाहेरच्यांना मॉर्मनांची भीती वाटे, तिलाही आधार होता, हे विसरून चालणार नाही. १८५७ च्या सप्टेंबरमध्ये दक्षिण युटात माउंटन मेडोज इथे कॅलिफोर्नियाकडे निघालेल्या तांड्यातल्या सुमारे १२० जणांना मॉर्मन स्वयंसेवक सैनिकांनी आणि त्यांच्याबरोबरच्या पायूट या मूलनिवासी जमातीच्या काही लोकांनी ठार मारले. सोडली ती फक्त अगदी लहान मुले. या एका गुन्ह्यासाठी शिक्षा झाली ती जॉन ली या एकट्यालाच, तीही वीस वर्षांनी. पंथाच्या वरिष्ठांनी जाहीर खेद व्यक्त करायला २००७ उजाडले.

असल्या घटनांच्या वाचनातून आर्थर कॉनन डॉयलने ‘अ स्टडी इन स्कार्लेट’ लिहिली, ती १८८७ मध्ये छापून आली. शेरलॉक होम्स जगापुढे आला तो याच कादंबरीतून, आणि तिचा मोठा भाग युटात घडतो. तिथले मॉर्मन मुली पळवतात, पंथ सोडणाऱ्यांचा काटा काढतात. तोवर डॉयलने युटा पाहिलेही नव्हते. होम्स जिथे जिथे वाचला गेला, तिथे हे चित्रही गेले, आणि अनेक वाचकांची मॉर्मनांशी झालेली तेवढीच काय ती ओळख. १९२३ मध्ये डॉयल परलोकविद्येवर व्याख्यान द्यायला सॉल्ट लेकला गेला. ज्या लोकांना त्याने काळे रंगवले होते, त्यांनीच आपले टॅबर्नॅकल हे भव्य सभागृह त्याला व्याख्यानासाठी दिले. हजारो श्रोते आले. डॉयल या आदराने भारावून गेला. आपण रंग जरा भडक वापरले हे त्याने मान्य केले, पण कादंबरीतल्या घटनांना इतिहासाचा आधार आहे, हा मुद्दा सोडला नाही.

बहुपत्नीत्व पंथाने १८९० मध्ये जाहीरनामा काढून सोडले होते. तरी इंग्लंडमध्ये मॉर्मन मिशनरी म्हणजे मुली पळवणारा, ही समजूत पुढे तीस वर्षे टिकली. १९११ मध्ये तिथे इतकी ओरड झाली, की गृहमंत्री विन्स्टन चर्चिलला चौकशी करावी लागली. कारवाई करण्याजोगे काही निघाले नाही. १९२२ मध्ये ‘ट्रॅप्ड बाय द मॉर्मन्स’ नावाचा मूकपट आला. त्यात मिशनरी नजरेनेच मँचेस्टरच्या मुलीला संमोहित करतो.

यानंतरचा बदल जॅन शिप्स या अभ्यासकाने बारकाईने मोजला. शिप्सबाई मेथडिस्ट. १९६० मध्ये त्या कुटुंबासह युटातल्या लोगन गावी राहायला आल्या, तिथून त्यांचा मॉर्मनांचा अभ्यास सुरू झाला आणि आयुष्यभर चालला. १८६० ते १९६० या शंभर वर्षांतल्या अमेरिकी नियतकालिकांत मॉर्मनांवर काय छापून आले, ते त्यांनी तपासले. सुरुवातीचा सूर जवळजवळ अखंड द्वेषाचा. मंदीच्या काळात, १९३६ मध्ये पंथाने आपल्या गरिबांसाठी मदतयोजना उभी केल्यानंतर तो कौतुकाकडे झुकू लागतो. शतकाच्या मध्यापर्यंत मॉर्मन म्हणजे कष्टाळू, निर्व्यसनी, कुटुंबवत्सल अमेरिकन, असे चित्र पक्के झाले. शिप्सबाईंनी या दोन्ही चित्रांवर सारखाच अविश्वास दाखवला, म्हणूनच मॉर्मन आणि मॉर्मनेतर दोघेही त्यांचे ऐकत.

आजचा मिशनरी डोळ्यांसमोर येतो तो याच दुसऱ्या चित्रातला: पांढरा शर्ट, टाय, छातीवर काळी नावपट्टी, बरोबर जोडीदार. मुलगे दोन वर्षे जातात, मुली दीड वर्ष. २०१२ मध्ये किमान वय मुलांसाठी अठरा आणि मुलींसाठी एकोणीस केले गेले, तेव्हापासून मुलींची संख्या एकदम वाढली. कुठे जायचे ते पंथ ठरवतो, खर्च बहुतांशी घरचा. जोडीदाराला सोडून एकट्याने कुठे जायचे नाही, प्रेमप्रकरण नाही. २०१९ पर्यंत घरी फोन वर्षातून दोनदाच, नाताळला आणि मातृदिनी. आता आठवड्यातून एकदा करता येतो. २०२४ अखेर असे मिशनरी ७४ हजारांवर होते, आणि पंथाची नोंदलेली सभासदसंख्या सुमारे पावणेदोन कोटी. दार वाजले, की लोकांना उपदेशक दिसतो. त्याला मात्र घर सोडून जेमतेम काही महिने झालेले असतात, भाषा अर्धवट येत असते आणि दिवसभरात बहुतेक दारे बंदच झालेली असतात. हे ज्याच्या ध्यानात येते तो निदान पाणी विचारतो.

सगळीकडे नुसते दार बंद होऊन भागले नाही. लॅटिन अमेरिकेत गोरा, इंग्रजी बोलणारा, शिस्तीचा तरुण म्हणजे अमेरिकी सरकारचा हस्तक, असे डाव्या गटांना वाटे. १९८९ च्या मे महिन्यात बोलिव्हियातल्या ला पाझमध्ये युटाहून आलेल्या दोन मिशनरी तरुणांना एका सशस्त्र गटाने गोळ्या घातल्या.

न्यू यॉर्कमध्ये २०११ मध्ये ‘द बुक ऑफ मॉर्मन’ ही संगीतिका आली. आफ्रिकेत पाठवलेले दोन भाबडे मिशनरी हा तिचा विषय. टीका बोचरी, भाषा शिवराळ, आणि नऊ टोनी पुरस्कार. पंथाने मोर्चे काढले नाहीत. पुढे नाटकाच्या कार्यक्रमपत्रिकेतच जाहिरात दिली आणि प्रेक्षकांना मूळ ग्रंथ वाचायला सुचवले. २०१२ मध्ये मॉर्मन पंथाचेच मिट रॉम्नी अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदासाठी उभे राहिले; १९६६ ते १९६८ ते फ्रान्समध्ये मिशनरी होते.

संगीतिकेतल्या आफ्रिकेपेक्षा खरी आफ्रिका कितीतरी वेगळी होती. १८५२ पासून कृष्णवर्णीय पुरुषांना पंथात पौरोहित्याचा अधिकार नव्हता, म्हणून पश्चिम आफ्रिकेत मिशनरी पाठवलेच जात नव्हते. तरीही १९५० च्या दशकाअखेरीपासून नायजेरियातून सॉल्ट लेकला पत्रे येऊ लागली: आम्हाला पंथात घ्या. तिथल्या लोकांनी मिळेल ती पत्रके वाचून स्वतःच मंडळ्या सुरू केल्या होत्या. पंथाने माणसे पाठवायचे ठरवले, तेव्हा १९६३ मध्ये ‘नायजेरियन आउटलुक’ या वर्तमानपत्राने वर्णभेदाचा हा नियम उघड केला. सरकारने व्हिसा नाकारले. बाहेरच्या माणसाने केलेली ती टीका कडक होती आणि रास्त होती.

नायजेरियातले शिक्षक अँथनी ओबिन्ना यांनी १९७० च्या सुमाराला ‘रीडर्स डायजेस्ट’च्या एका जुन्या अंकात सॉल्ट लेकच्या मंदिराचे चित्र पाहिले. हीच इमारत आपण स्वप्नात पाहिली होती, असे ते सांगत. त्यांनी पत्रे लिहिली. आत्ता येता येणार नाही, असे उत्तर आले. भावांना आणि गावकऱ्यांना घेऊन त्यांनी प्रार्थना चालूच ठेवली. घानात जोसेफ विल्यम बिली जॉन्सन यांनी १९६४ पासून अशाच मंडळ्या उभ्या केल्या होत्या. ज्यांना बाप्तिस्मा द्यायला कुणी यायला तयार नव्हते, तेच या श्रद्धेचा प्रचार करत होते.

१९७८ च्या जूनमध्ये कृष्णवर्णीयांच्या पौरोहित्यावरची बंदी उठली. नोव्हेंबरमध्ये दोन प्रौढ मिशनरी जोडपी नायजेरियात पोहोचली आणि २१ नोव्हेंबरला ओबिन्ना व त्यांच्याबरोबर अठरा जणांचा बाप्तिस्मा झाला. घानातले शेकडो लोकही वाटच पाहत होते. १९८९ मध्ये घाना सरकारने पंथावर दीड वर्ष बंदी घातली, तेव्हा ही माणसे घरोघरी प्रार्थना करत राहिली. २००४ मध्ये अक्रात मंदिर उभे राहिले, पुढच्या वर्षी नायजेरियातल्या आबा शहरात. आता घाना आणि नायजेरियातली मुले स्वतः मिशनरी होऊन बाहेर पडतात. कृष्णवर्णीयांना अधिकार का नाही, याची जी कारणे पंथात सव्वाशे वर्षे सांगितली गेली, ती चुकीची असल्याचे पंथाने एका निवेदनात मान्य केले ते २०१३ मध्ये. ओबिन्ना १९९५ मध्येच वारले होते.